मामाच्या चव्वेचाळीस वर्षांचे कागद

जून २०२५ मध्ये मामाच्या खात्यात राज्य सरकारच्या कलावंत मानधनाचे पहिले ५,००० रुपये जमा झाले. अर्ज करायचं ठरवलं त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. या अकरा महिन्यांत मी जिथे जिथे अडले तिथे विचारायला कोणी सापडलं नाही. भजनी मंडळवाले, तमाशा कलावंत, नाटकवाले यांचे अनुभव वाचायला मिळाले. पण मालिकांमध्ये चरित्र भूमिका करत आयुष्य काढलेल्या माणसाने आपण हे काम केलं हे कागदावर कसं दाखवायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून आठवतंय तोवर तारखेवार लिहिते आहे.

मामा ७४ वर्षांचा आहे. ठाण्यात खारकर आळीत पागडीच्या खोलीत एकटा राहतो. मामी २०१६ ला गेली, मूलबाळ नाही. मी ऐरोलीला राहते, महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्याच्या औषधांचं बिल पहिल्यांदा माझ्या हातात पडलं. तोवर तो स्वतःच औषधं आणायचा आणि आकडा सांगायचा नाही. त्या दिवशी कळलं की रक्तदाबाची गोळी तो एक दिवसाआड घेतोय.

त्याला पेन्शन नाही. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात तो होता तो १९८८ ला बंद पडला. हिशेबाचे जे थोडे पैसे मिळाले ते मामीच्या पहिल्या आजारपणात गेले. तेव्हापासून २०२० पर्यंत तो टीव्हीवर जगला. वकील, डॉक्टर, सरपंच, बँकेचा मॅनेजर, लग्न लावणारे गुरुजी, मुलीच्या सासरचे काका. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले अजूनही त्याला विचारतात, "काका, तुम्ही कोर्टात असता ना?"

योजनेबद्दल मला ऑफिसमधल्या एका ताईंनी सांगितलं. पूर्ण नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. आधी कलावंताच्या श्रेणीप्रमाणे महिना २,२५०, २,७०० किंवा ३,१५० रुपये मिळायचे. मार्च २०२४ मध्ये सरकारने श्रेणी काढून सगळ्यांना सरसकट ५,००० केले. अटी मुख्य अशा: वय ५० च्या वर, वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते. ठाणे जिल्हा केवढा मोठा, हे मनात आलं आणि पोटात गोळा आला. पण अर्ज न करता घाबरून काय उपयोग, म्हणून कामाला लागले.

मामा तयार नव्हता. "मी काय भीक मागू?" एवढंच बोलला आणि आत जाऊन चहा टाकला. मी त्या दिवशी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी गेले तर त्याने कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक बाहेर ओढून ठेवली होती. म्हणाला, "बघ, यातलं काही लागलं तर."

आधी उत्पन्नाचा दाखला उरकला, कारण त्याची वाट बघण्यात बाकीची कामं होतात. २२ जुलैला आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज दिला. रेशनकार्ड, आधार, लाइट बिल, स्वयंघोषणापत्र, फोटो, आणि तलाठ्याचा अहवाल. फी तेव्हा ३४ रुपये होती. बारा दिवसांनी दाखला मिळाला. दाखल्यावर नाव कसं लिहून येतंय ते अर्ज भरतानाच तीनदा बघा. हे मी का सांगते आहे ते पुढे येईल.

मग ट्रंक. ऑगस्टमधले चार रविवार त्यात गेले.

वरच्या थरात कपडे होते. काळा कोट, दोन नेहरू शर्ट, एक राखाडी सफारी, धोतर, उपरणं, पुणेरी पगडी. छोट्या भूमिकेला कपडे बहुतेक वेळा नटानेच आणायचे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. आदल्या संध्याकाळी कोऑर्डिनेटरचा फोन यायचा, "उद्या वकील आहे, नऊचा कॉल, घोडबंदर रोड." मामी रात्री कोटाला इस्त्री करायची. सकाळी सातला हा बस पकडायचा. शिफ्ट नऊ ते नऊ. सीन कधी दहाला लागायचा, कधी रात्री साडेआठला, तोवर मेकअप करून बसून राहायचं. पैसे नव्वद दिवसांनी, त्यातले दहा टक्के कोऑर्डिनेटरचे. शेवटच्या वर्षांत त्याला दिवसाला अडीच हजार मिळत, महिन्याला कधी चार दिवस काम, कधी एकही नाही. एका निर्मात्याने बावीस दिवसांचे पैसे बुडवले, तो चेक ट्रंकेत अजून आहे, न वटलेला. मामाने तो फाडू दिला नाही.

कपड्यांच्या खाली कागद. सगळ्यात जुनं प्रमाणपत्र १९७६ चं, राज्य नाट्य स्पर्धेतल्या सहभागाचं. मग कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेची तीन. त्या काळी दूरदर्शनवर गुंड्याभाऊ करणारे बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरी करतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. नोकरी सांभाळून हे करता येतं अशी त्याची खात्री तिथे पटली. १९८१ ला तो वरळीला दूरदर्शन केंद्रात पहिल्यांदा उभा राहिला. त्याची करारपत्रं ट्रंकेत होती, टाइप केलेली, शिक्का मारलेली, मानधनाचा आकडा आणि रेकॉर्डिंगची तारीख घातलेली. १९८१ ते १९८७ मधल्या पाच वर्षांची अशी सात पत्रं मिळाली.

आणि तिथून पुढे काहीच नाही. १९८८ ते २००८, वीस वर्षं, जेव्हा तो पोटासाठी हेच करत होता, त्या वर्षांचा जवळपास कोरा कागद. सिंटाचं म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनचं एक जुनं कार्ड होतं, कधीच मुदत संपलेलं. काही फोटो होते, पण फोटोवर तारीख नाही. १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं आणि रोजच्या मालिकांची कामं वाढली, तेव्हा तर करार असा प्रकारच त्याच्या वाट्याला आला नाही. व्हाउचरवर सही केली, व्हाउचर प्रॉडक्शनकडे राहिलं. मुख्य कलाकारांचे करार होतात. एका दिवसाच्या वकिलाचा कोण करणार?

मी जमिनीवर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मामा म्हणाला, "मी होतो गं तिथे." इतक्या हळू म्हणाला की मला रडू आलं.

वाट माझ्या नोकरीमुळे सापडली. मामाला मानधन देताना निर्माते आयकराच्या तेव्हाच्या कलम १९४जे खाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापत आणि तो पॅनवर जमा दिसतो. आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएस मिळतो, त्यात २००८-०९ पासूनच्या नोंदी पाहता येतात. पैसे कुणी दिले, कोणत्या तारखेला दिले, किती कापले, सगळं. कुणी कलाकार हे वाचत असेल तर पहिल्यांदा हेच करा. हा सरकारच्याच दप्तरातला पुरावा आहे, त्याला कुणाची सही लागत नाही.

पण तिथवर पोचायला तीन आठवडे लागले. साइटवर खातं उघडायला आधारचा ओटीपी हवा, आणि आधारला जोडलेला नंबर मामीचा होता, ती गेल्यावर बंद झालेला. आधार केंद्रात मामाला घेऊन गेले, ५० रुपये भरले, नवा नंबर लागायला आठ दिवस. मग कळलं की पॅन आणि आधार जोडलेलंच नाही, पॅन निष्क्रिय झालंय. त्याचे १,००० रुपये भरले. मधे ७ सप्टेंबरला गणपती आले. ऐरोली ते ठाणे ही लोकलची दोन स्टेशनं, मधे आता दिघा गाव झालंय, पण त्या गर्दीत मामाला घेऊन जायचं धाडस झालं नाही. विसर्जनानंतर पुन्हा सुरुवात केली.

१९ सप्टेंबरच्या रात्री २६एएस उघडला. बारापैकी अकरा वर्षांत नोंदी होत्या. कुठे ८,०००, कुठे २२,५००, कुठे नुसते २,५००. मी एकेक निर्मिती संस्थेचं नाव मोठ्याने फोनवर वाचत गेले आणि मामा पलीकडून सांगत गेला, "हा हॉस्पिटलचा ट्रॅक. हा बापाचा रोल, सहा दिवस होता. ही बाई फार चांगली होती, जेवल्याशिवाय सोडायची नाही." दीड वाजला तेव्हा आम्ही थांबलो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. या अकरा वर्षांत कापलेला कर ६८,४०० रुपये होता. मामाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली होतं, विवरणपत्र भरलं असतं तर प्रत्येक पैसा परत मिळाला असता. त्याला वाटायचं कापले म्हणजे गेले. भाची म्हणून माझीही काही जबाबदारी होती, मीही कधी विचारलं नाही. जुन्या वर्षांचे पैसे आता मिळणार नाहीत. शेवटच्या दोन वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज केला आहे, त्याचं काय होतं ते वेगळं लिहीन. तुमच्या घरात कुणी असं काम करत असेल तर दर वर्षी मुदतीच्या आत विवरणपत्र भरा.

अकरा आणि पाच, सोळा वर्षं झाली. वर १९७६ पासूनची प्रमाणपत्रं. अट पुरी झाली होती, अर्ज तिथेच भरता आला असता. पण मामाने यादी हातात घेतली, १९८७ नंतर एकदम २००८ बघितलं आणि म्हणाला, "मधला मी कुठे गेलो?"

म्हणून आणखी दहा दिवस घेतले. जुन्या मालिकांचे भाग यूट्यूबवर लोकांनी चढवलेले असतात. मामाला मालिका आठवत होत्या, वर्षं साधारण आठवत होती. मी रोज रात्री जेवणं झाल्यावर बसायचे. भागाच्या शेवटी नामावली धावते, ती थांबवत थांबवत पुढे न्यायची. बहुतेक ठिकाणी त्याचं नावच नाही. काही ठिकाणी 'आणि इतर'. तीन भागांत सापडलं, २००१, २००४ आणि २००६ सालच्या. चेहऱ्याचा एक आणि नावाचा एक असे स्क्रीनशॉट घेतले, खाली भागाचा दुवा आणि मिनिट-सेकंद लिहिले. १९९० च्या दशकातलं काहीच मिळालं नाही. त्या काळासाठी नाट्य परिषदेच्या शाखेतल्या ज्येष्ठ मंडळींनी त्याच्या नाटकांतल्या कामाचं पत्र दिलं, त्यांचे उपकार विसरणार नाही.

मग वर्षवार तक्ता केला: साल, माध्यम, भूमिका, पुरावा. भूमिकेच्या रकान्यात मी सवयीने लिहिलं होतं, 'वकील (छोटी भूमिका)', 'डॉक्टर (छोटी भूमिका)'. मामाने पेन घेतलं आणि प्रत्येक ओळीतलं 'छोटी' खोडलं. सतरा वेळा. "प्रसंग किती ते लिही. दोन प्रसंग, चार प्रसंग. छोटी लिहू नकोस." मी तक्ता पुन्हा टाइप केला. तुम्हीही तसंच लिहा. प्रसंगांची आणि दिवसांची संख्या वाचणाऱ्यालाही नेमकी कळते.

३० सप्टेंबर २०२४ ला ऑनलाइन अर्ज भरला. सगळे पुरावे सालाप्रमाणे लावून एकाच पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर तो तक्ता. फाइलचा आकार कमी करण्यातच एक संध्याकाळ गेली. कागदांच्या झेरॉक्सचा एक संच जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागात नेऊन दिला आणि पोच घेतली. पोच घ्याच. माझा पुढचा सगळा पाठपुरावा त्या पोचेवरच्या तारखेवर चालला.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. ती उठेपर्यंत निवडीचं काम हलणार नाही, असं चौकशी केल्यावर कळलं. मतदान २० नोव्हेंबरला झालं. डिसेंबर असाच गेला. मामा या काळात एकदाही काही विचारायचा नाही, पण मी गेले की आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्रुटी निघाली: अर्जदाराचं नाव आणि पुराव्यातलं नाव जुळत नाही.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. आधारवर त्याचं पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. १९७६ च्या नाटकात दिग्दर्शकाने त्याचं घरातलं टोपणनाव जाहिरातीत टाकलं आणि आयुष्यभर पडद्यावर तेच राहिलं. दूरदर्शनच्या पत्रांवर टोपणनाव, टीडीएसमध्ये खरं नाव, नाट्य परिषदेच्या पत्रात दोन्हींची सरमिसळ. सरकारच्या लेखी ही दोन माणसं होती.

उपाय सोपा निघाला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा करावा लागतो. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतो की नाही हे आधी विचारून घ्या, मी घाईत विचारलं नाही. नोटरीचे वेगळे ३०० झाले. सोबत जोडायला १९८३ चं एक करारपत्र सापडलं, त्यात वर टोपणनाव होतं आणि खाली मामाने पूर्ण खऱ्या नावाने सही केली होती. त्या एका सहीने काम झालं. २४ जानेवारीला कागद दिले. पडद्यावरचं नाव वेगळं असलेल्या प्रत्येकाने हे प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी अर्जाला जोडावं, वेळ वाचेल.

फेब्रुवारीच्या शेवटी मूळ कागद घेऊन बोलावलं. मामा सफारी घालून आला. टेबलापलीकडच्या बाईंनी तक्ता शांतपणे वाचला, मूळ करारपत्रं एकेक करून पाहिली आणि विचारलं, "२०२० नंतर काम का नाही?" मी बोलणार होते, मामाने हात केला. त्याने सांगितलं की मार्च २०२० ला शूटिंग बंद झाली, नंतर सुरू झाली तेव्हा ६५ वर्षांवरच्यांना सेटवर मनाई होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. "पण तोवर त्यांना आमच्याशिवाय सवय झाली होती." बाईंनी मान हलवली आणि शिक्का मारला.

मार्च, एप्रिल वाट. मी पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचे, अर्जाचा क्रमांक आणि पोचेची तारीख सांगायचे. १४ मे ला निवड यादीत नाव आल्याचं कळलं. तो फोन मी ऑफिसच्या जिन्यात घेतला आणि तिथेच पायरीवर बसले.

पैसे मात्र लगेच आले नाहीत, कारण मामाचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यातच जाते. बँकेत जाऊन फॉर्म भरला, जोडणी झाल्याची खात्री करून घेतली, मग १८ जूनला ५,००० आले. हे कामही अर्ज करायच्या आधी करून ठेवता येतं. आता दर वर्षी हयातीची पडताळणी करावी लागेल, ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

एकूण खर्च: आधार ५०, पॅन १,०००, दाखला ३४, स्टॅम्प ५००, नोटरी ३००, झेरॉक्स आणि स्कॅनिंग ४६० च्या आसपास. माझ्या सहा अर्ध्या रजा. दलालाला एक पैसाही दिलेला नाही, दोघे भेटले होते, पाच हजार मागत होते.

रक्तदाबाची गोळी आता रोज चालू आहे.

तक्ता अजून अपुरा आहे. १९९४ च्या पावसाळ्यात मढच्या एका बंगल्यात त्याने अकरा दिवस काम केलं होतं, घरातल्या जुन्या दिवाणजीचं. ते काम त्याला सगळ्यांत जास्त आवडलेलं. त्याचा कागद नाही, फोटो नाही, नाव फक्त त्याच्या तोंडी. त्या मालिकेचे चार भाग मला मागच्या आठवड्यात मिळाले, कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेले, चित्र हलतंय, आवाज मागेपुढे. तिसऱ्या भागात नायिका जिन्यावरून उतरते तेव्हा मागे एक माणूस पाठमोरा बसून चोपड्या लावतोय. डावा खांदा जरा खाली. मी मामाला फोन केला आणि विचारलं, चोपड्या लाल होत्या का? तो म्हणाला, "लाल. आणि त्यातली एक खरी होती, तिच्यात मी रोजचे बसचे पैसे लिहायचो."